नेट अडतं वर, शिव्या खातो केबलवाला

रात्री आठनंतर बेलापुरात नेट रडायला लागलं की पहिल्या शिव्या केबलवाल्याच्या पोराला. खांबावर चढताना तोच दिसतो ना! पण कित्येकदा वायर धड असते, राउटरचे दिवे हिरवे असतात, स्पीड टेस्टही शंभर दाखवते. अडते ती एखादीच साइट. तेव्हा घोटाळा बहुधा गावात नसतो, वरच्या वाटेत असतो.

इंटरनेट म्हणजे हजारो कंपन्यांची जोडलेली जाळी. कुठला पत्ता कुठून गाठायचा हे ती एकमेकांना 'बीजीपी'ने कळवतात. (४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक-व्हॉट्सॲप काही तास गायब झालं, आठवतंय? त्यांच्या वाटाच बीजीपीतून निघून गेल्या होत्या.) आपला डेटा बाहेर कुठून पाठवायचा हे आपला ऑपरेटर ठरवतो. पण आपण करतो मुख्यतः डाउनलोड, आणि ते कुठून यायचं हे समोरचे ठरवतात. पाटाच्या पाण्यासारखंच, चारी आपली, गेट वरच्याच्या हातात.

यावर १९९६ पासून एक सोय आहे, 'कम्युनिटी'. आपला पत्ता वरच्या कंपनीला कळवताना सोबत आकड्यांची चिठ्ठी जोडायची. पहिला आकडा सहसा कंपनीचा नंबर, दुसरा निरोप. 'अमक्या जाळ्याला हा पत्ता सांगू नका', 'तमक्याला सांगा, पण वाट लांबची दाखवा', 'ही लाइन राखीव धरा'. भरलेल्या लाइनवरचा बोजा असा दुसरीकडे वळवता येतो. मुंबईच्या डीई-सिक्स एक्स्चेंजवरही अशा चिठ्ठ्या चालतात.

चिठ्ठी ही विनंतीच. कुठला आकडा मानायचा हे वरची कंपनी ठरवते. काही मोठ्या कंपन्या त्याची यादी उघड ठेवतात. माझं म्हणणं, लहान ऑपरेटरला बँडविड्थ विकणाऱ्या प्रत्येकाने ती करारासोबतच लेखी द्यावी. गेल्या वर्षी एका कंपनीला मी हे विचारलं, तर उत्तर आलं, 'राउटर बंद करून चालू करा'!

आपल्याकडचेही काही कमी नाहीत. दोन लाइनी घ्यायच्या, 'बॅकअप आहे' म्हणून बोर्ड लावायचा, अन् सगळा भार एकीवरच. नुसती फ्रँचायझी असेल तर त्याच्या हातात काही नाही, हे मान्य. पण स्वतःचं लायसन अन् नंबर असलेल्यांनी तरी हे करायलाच हवं.

श्रीरामपूर-बेलापूरचे ऑपरेटर वाचत असतील तर सांगा, वर किती कंपन्या आहेत, आणि कम्युनिटीची यादी मिळाली का? कॉमेंटमध्ये नको असेल तर मेसेज करा, नाव छापणार नाही.