गो, वेंट, गॉन आणि पुढे?

या सदरात मराठी शुद्धलेखनावर बरंच भांडून झालं. आज थोडं इंग्रजीकडे.

शाळकरी वहीच्या शेवटच्या पानावर हमखास एक तक्ता असतो: गो, वेंट, गॉन. मुलं तो घडाघडा म्हणतात आणि दहावीला पोचल्यावर ‘आय डिड नॉट वेंट’ लिहितात. मग पुन्हा तोच तक्ता घोकायची शिक्षा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

‘वेंट’ पाठ आहे म्हणूनच तर पोरगं ते लिहितं. मराठीत नकार देताना भूतकाळ क्रियापदावरच राहतो: ‘गेलो नाही’. प्रश्नातही तसंच: ‘गेलास का?’ इंग्रजीत ‘वॉज’, ‘कुड’सारखी मोजकी क्रियापदं सोडली, तर नकाराला आणि प्रश्नाला ‘डिड’ मदतीला येतो. भूतकाळाचा भार तो एकटा उचलतो आणि मूळ क्रियापद मोकळं होतं. म्हणून ‘डिड नॉट गो’. हे एकदा फळ्यावर मराठी वाक्याशेजारी मांडून दाखवलं, तर निम्मी लाल शाई वाचेल.

त्यात आपला भूतकाळ नेहमी भूतकाळ नसतोच. बेल वाजली की खुर्चीतून न उठताच आपण ‘आलो, आलो’ ओरडतो. ‘भूक लागली’ म्हणतो तेव्हा पोटात आत्ता कावळे ओरडत असतात. हे तसंच इंग्रजीत नेलं, तर ऐकणाऱ्याला ती भूक कालची वाटते. तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’, ‘आय अ‍ॅम हंग्री’ असा चक्क वर्तमानकाळ लागतो.

राहिली अनियमित रूपं. 2007 साली ‘नेचर’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांचा हिशोब मांडला. त्यांतली आज 98च तशी उरली आहेत. बाकीच्यांना ‘एड’ लागलं. ‘हेल्प’चं भूतकाळी रूप एकेकाळी ‘होल्प’ होतं, यावर आज कुणाचा विश्वास बसेल? वापर शंभरपट कमी असेल, तर क्रियापद दहापट लवकर नियमित होतं, असं त्यांचं गणित. उलट बी, हॅव, डू, से, गो ही रोज तोंडात असतात, म्हणून टिकली. मग आपल्या तक्त्यांची सुरुवात ‘अबाइड’ आणि ‘अराइज’पासून का? तर एबीसीडीचा क्रम! रोजच्या वापरातली वीस-पंचवीस आधी बोलण्यात आणा, ‘अबाइड’ वाट पाहील.

आणि हो, घरातलं तीन वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणालं की आपण कौतुकाने हसतो. त्याने नियम पकडलाय, ‘केलं’ पुढे येईलच, हे आपल्याला ठाऊक असतं. ‘कॅच्ड’ म्हणणाऱ्या पाचवीतल्या मुलाने तरी वेगळं काय केलं? त्याच्या वाट्याला मात्र छडी.

खरी हयगय होते ती उच्चाराची. ‘वॉकेड’, ‘लुकेड’ असे उच्चार सर्रास ऐकू येतात, शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही. क, प, स यांसारख्या अघोष ध्वनीनंतर ‘एड’चा उच्चार ‘ट्’ होतो: वॉक्ट, लुक्ट. घोष ध्वनीनंतर ‘ड्’: प्लेड. वेगळं ‘इड’ ऐकू येतं ते मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तेव्हा: वाँटिड, नीडिड. घोष-अघोष वर्ण आपल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकात असतातच. इंग्रजीच्या तासाला ते पान उघडायला कुणाची हरकत आहे?

— शब्दपारखी