फौजी गावचा, पण नोंद कुठेच नाही

मित्रांनो, आज थोडं लांब लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण विषय आपल्या गावातल्या माणसाचा आहे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावांमध्ये 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला झेंड्याजवळ एक म्हातारा ताठ उभा दिसतो. कोटावर दोन-तीन बिल्ले. सरपंच त्याच्या हातात नारळ देतात, शाल देतात, फोटो निघतो, विषय संपला. गाव त्याला "फौजी" म्हणून ओळखतं. तो कोणत्या रेजिमेंटमध्ये होता, कोणत्या आघाडीवर होता, 1971 मध्ये पूर्वेला होता की पश्चिमेला, हे विचारा. सरपंच सांगणार नाहीत, मास्तर सांगणार नाहीत, बरेचदा त्याचा नातूही सांगू शकणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शहीद झालेल्याला आपण उशिरा का होईना, आठवतो. जिवंत परत आलेल्याची आपण नोंदसुद्धा ठेवत नाही. आणि नोंद नाही म्हणजे उद्या तो माणूस नव्हताच.

एक उदाहरण देतो. नामदेव जाधव. जुन्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत साधे शिपाई, वय 23. इटलीत सेनिओ नावाची नदी आहे, दोन्ही काठांना उंच बांध. 9 एप्रिल 1945 ला त्यांच्या कंपनीने तिथे हल्ला केला. समोरून मशीनगन, वरून तोफगोळे, बांधावर सुरुंग पेरलेले. सोबतचे बहुतेक जण पडले, कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी. हा गडी एका जखमी माणसाला खोल पाण्यातून, सुरुंगातून बांधावर घेऊन आला. परत गेला, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेला तो थेट शत्रूच्या मशीनगनवर. पहिली चौकी बंद केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर ती फेकली आणि हातबॉम्ब घेतले. आणखी दोन चौक्या उडवल्या. मधेच बॉम्ब संपले तर बांध चढून सोबत्यांकडून घेऊन आला. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना दिली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणूस घरी परत आला आणि 1984 मध्ये पुण्यात वारला.

आता विचार करा. ऐंशी वर्षांपूर्वीची, परमुलखातली ही लढाई मी तुम्हाला इतकी बारीक कशी सांगू शकतो? कारण तेव्हाच कोणीतरी ती लिहून ठेवली. सोबत्यांना विचारलं, कागदावर उतरवलं, जूनमध्ये सरकारी गॅझेटमध्ये छापून आलं. शौर्य त्यांचं होतं, पण आपल्यापर्यंत पोचलं ते लिहिणाऱ्यामुळे.

त्याच रेजिमेंटचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉस, नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. 10 जुलै 1944 ला इटलीतच लढताना पडले, वय 22. देह सापडला नाही. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक उभं केलं. घटनेनंतर 79 वर्षांनी! हेही शक्य झालं ते कागदावर नाव, गाव, तारीख होती म्हणून.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी तर सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावचे 46 जण कामी आले. आकडा माहीत आहे, कारण गावाने तो जपला. पश्चिम महाराष्ट्राला फौजेची परंपरा आहे असं आपण म्हणतो. परंपरा आहेच, पण मोजलेली आणि सांगितलेली परंपरा आहे. आपल्या झाडीपट्टीतून कोणी गेलंच नाही का? गेले ना! मोजले कोणी?

इथे आपली एक खास अडचण आहे, ती समजून घ्या. आपला जिल्हा जन्मला 1 मे 1999 ला. त्याआधी आपण भंडारा. 1960 पर्यंत मुंबई राज्य, 1956 च्या आधी मध्य प्रदेश, त्याही आधी सीपी अँड बेरार. म्हणजे 1948 ला काश्मीरात लढलेला आमगावचा माणूस कागदावर सीपी अँड बेरारचा. 1962, 1965 आणि 1971 चा तिरोड्याचा, देवरीचा, अर्जुनी मोरगावचा जवान कागदावर भंडाऱ्याचा. जिल्हा वेगळा झाला त्याच महिन्यात कारगिल पेटलं, तेव्हा डोंगरावर असलेल्या आपल्या पोरांच्या सर्व्हिस रेकॉर्डवरही भंडाराच. "गोंदिया" म्हणून शोधाल तर जुने फौजी सापडणारच नाहीत. ते गावाच्या आणि तालुक्याच्या नावानेच सापडतील. म्हणून हे काम मुंबईहून कोणी करणार नाही. ते गावातच करावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धाची आपल्याकडे एक आठवण उरली आहे, बिरसीची धावपट्टी. इंग्रजांनी बांधली, आज तिथे विमानं उतरतात. सिमेंट टिकलं. त्याच काळात इथून गेलेली माणसं मात्र कोणाच्या लक्षात नाहीत. आता वेळ किती उरला ते बघा. 1971 ला जो वीस वर्षांचा होता, तो आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. 1965 चा ऐंशीच्या. 1962 चे तर फारच थोडे.

मग करायचं काय? नुसतं हळहळून उपयोग नाही.

एक. घरात पेटीत पडलेले मेडल काढा. ते बिल्ले म्हणजे लिहिलेली गोष्ट आहे. पूर्वी स्टार असेल तर माणूस 1971 ला बांगलादेशच्या बाजूला होता. पश्चिमी स्टार असेल तर पाकिस्तानच्या सीमेवर. समर सेवा स्टार 1965 चा. ऑपरेशन विजय मेडल कारगिलच्या वेळचं. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंगाने वाचा. मेडल भंगारात किंवा जुन्या वस्तूवाल्याला विकू नका, हात जोडून सांगतो.

दोन. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उद्या ते फौजींच्या पत्नीलाही कामी येतील.

तीन. त्यांना बोलतं करा. पोरांनो, रील बनवता ना? मग अर्धा तास आजोबांसमोर फोन ठेवा. "किती मारले?" असं विचारू नका. भरतीला कसे गेले, पहिली पोस्टिंग कुठे, जेवायला काय होतं, घरून पत्र किती दिवसांनी यायचं, सोबतचा कोण गेला, हे विचारा. काही जण बोलणार नाहीत. तेही समजून घ्या, जबरदस्ती नको.

चार. ग्रामपंचायतीने एक रजिस्टर करावं. नाव, रेजिमेंट, नोकरीची वर्षं, कुठे लढले, मेडल कोणती. निधी लागत नाही, एक वही लागते. यादी झाली की शाळेच्या किंवा पंचायतीच्या भिंतीवर नावं लिहा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुण्यांचे सत्कार होतात. त्या स्टेजवरून पाच मिनिटं गावच्या फौजीची खरी कहाणी वाचून दाखवा.

आणखी एक. राज्य सरकारने 2020 मध्ये ग्रामीण भागातल्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत सूट देण्याचा निर्णय घेतला. तुमच्या गावात ती सूट मिळते का, ग्रामसेवकाला विचारा. ज्या पंचायतीकडे माजी सैनिकांची यादीच नाही, ती सूट तरी कोणाला देणार?

कोणी म्हणेल, प्रत्येकाला थोडीच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला? नाही मिळाला. बहुतेकांनी ट्रक चालवले, लंगर सांभाळला, वायर ओढल्या, बर्फात पहारा दिला. तीही लढाईच होती. धानाच्या बांधीतून उठून वीस वर्षांचं पोरगं कधी न पाहिलेल्या बर्फात उभं राहतं, पगार घरी पाठवतं आणि परत येऊन पुन्हा नांगर धरतं, ही कहाणी छोटी नाही.

तुमच्या गावात कोण फौजी आहेत? त्यांची परवानगी घेऊन गाव आणि युद्धाचं वर्ष कमेंटमध्ये लिहा. पत्ता, फोन नंबर टाकू नका. तालुकावार यादीची सुरुवात इथूनच करू. पटलं तर पुढे पाठवा, पण त्याआधी एकदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा.

जय हिंद!