उभ्या गाडीतले जुने पेट्रोल : खोट कोणी सोसायची?



कापडाच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. पडून राहिलेला ताका वरून तसाच दिसतो, पण आत घडीवर विरत असतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. जो दुकानदार तो वेळीच पडत्या भावात काढतो, तो थोडी खोट खातो. जो ठेवून देतो, त्याचे मुद्दलही जाते. आणि जो बुरशीचा भाग आत दुमडून गिऱ्हाइकाच्या हाती देतो, त्याच्या गल्ल्यात पैसे आले तरी बरकत राहत नाही. उभ्या गाडीतल्या पेट्रोलाचा हिशेबही असाच आहे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

25 मार्च 2020 रोजी लॉकडाऊन लागला. आठवडे बाजार बंद झाले, रमजान ईदचा हंगाम हातचा गेला. इंदुरीत माझी मालाची व्हॅन घराशेजारी उभी राहिली ती थेट दिवाळीपर्यंत. टाकीत बारा लिटरच्या आसपास पेट्रोल होते. मंदीचे दिवस, म्हणून ते टाकून देणे जिवावर आले. तशीच चावी मारली. गाडी दोनदा धडधडली आणि बंद पडली. हजार-अकराशे रुपयांचे पेट्रोल वाचवायला गेलो आणि पंप, फिल्टर व इंजेक्टरच्या सफाईला आठ हजार मोजले.

पण खरी गोष्ट पैशाची नाही. टाकी रिकामी करताना मिस्त्रीच्या शागीर्दाने नळी तोंडात धरून पेट्रोल ओढले. त्याला जोराचा ठसका लागला. दोन दिवस तो कामावर आला नाही. अल्लाहच्या कृपेने बरा झाला. मी मात्र तिथे उभा राहून पाहत होतो आणि एक शब्द बोललो नाही. नुकसान माझे होते, ते मी त्या पोराच्या छातीत उतरवले.

आता पेट्रोल बिघडते कसे ते पाहू. त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो. म्हणून इंजिन सुरू व्हायला त्रास देते. उरलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन चिकट डिंकासारखा थर तयार होतो. तो कार्ब्युरेटरच्या जेटची आणि इंजेक्टरची बारीक छिद्रे बुजवतो. यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्या देशात जून 2022 मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर पोचले आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेते. दहा टक्क्यांचे पेट्रोल लिटरमागे साधारण पाच मिलीलिटर पाणी धरून ठेवते. वीस टक्क्यांचे त्याहून जास्त. त्या पलीकडे पाणी गेले की इथेनॉल पेट्रोलाची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. पंप तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला आधी तोच थर मिळतो. लोखंडी टाकी असेल तर गंजही धरतो. मावळच्या पावसाळ्यात चार महिने हवा किती ओली असते, हे लोणावळ्यापासून इंदुरीपर्यंत कोणाला सांगायला नको.

यावर उपाय अवघड नाही. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर ताजे पेट्रोल भरून टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. पंधरा दिवसांतून एकदा आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. जागेवर इंजिन चालू ठेवून भागत नाही. सहा महिन्यांच्या वर उभी राहणार असेल तर टाकी काढून घेणे बरे. स्पेअर पार्टच्या दुकानात पेट्रोल टिकवण्याचे औषध मिळते, पण ते ताज्या पेट्रोलात घालायचे असते. बिघडलेले त्याने सुधारत नाही.

आधीच उभी असलेली गाडी असेल तर चावी मारू नका. मोकळ्या जागेत काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून पाहा. रंग गडद झाला असेल, जुन्या वार्निशसारखा आंबट वास येत असेल किंवा बाटलीत दोन थर दिसत असतील, तर ते गेले असे समजा. रंग-वास ठीक असेल आणि थर नसतील, तर मिस्त्रीला दाखवून चार-पाच पट नव्या पेट्रोलात मिसळून संपवता येते.

खराब पेट्रोल काढले, आता ते कुठे जाणार? इथेच आपली दियानत कसाला लागते. कोणी ते पोराला स्कूटरसाठी स्वस्तात विकतो. कोणी गटारात ओततो, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या गटाराचे पाणी शेवटी इंद्रायणीत जाते. पुढे देहू आहे, आळंदी आहे. तिथल्या लोकांनी आपले काय वाईट केले? कोणी शिंप्याला कपड्यावरचे तेलाचे डाग काढायला देतो. बाजूला इस्त्री तापलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. कापडाच्या दुकानात किंवा गोदामात तर पेट्रोलचा डबा मुळीच ठेवू नये.

कायदाही पाहा. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचे भांडे पंचवीस लिटरपर्यंत, काचेचे किंवा चिनी मातीचे एक लिटरपर्यंत. पाण्याची प्लास्टिकची बाटली यात कुठेच बसत नाही.

मिस्त्री बंधूंना माझी विनंती आहे. तोंडाने पेट्रोल ओढणे आजपासून बंद करा, मग शागीर्द वीस वर्षांचा का असेना. हाताने दाबायचा रबरी पंप थोड्या पैशांत मिळतो. पेट्रोल फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर उलटी करवू नका, सरळ दवाखान्यात न्या. काढलेले पेट्रोल जळक्या ऑइलच्या पिंपातही ओतू नका. ते पिंपच पेटायला तयार होते. आणि त्या पंपाचे पैसे गाडीमालकाने द्यावेत, कारण पेट्रोल त्याच्या गाफीलपणाने सडले आहे.

रांजणगावला धोकादायक कचऱ्याचे मोठे केंद्र आहे, पण तिथली वाट कारखान्यांना ठाऊक. आपले पाच लिटर घेऊन तिथे कोण जाणार? तळेगाव, इंदुरी, चाकण भागातल्या गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे एका संकलनाच्या जागेची मागणी करावी. एकट्याचे कोणी ऐकत नाही, पन्नास सह्यांचा अर्ज बाजूला ठेवणे जड जाते.

शेवटी, उभी गाडी विकायची असेल तर किती महिने उभी होती आणि टाकीत काय आहे ते गिऱ्हाइकाला आधी सांगा. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, आणि गाडीही मालच आहे. सांगितल्याने भाव दोन हजारांनी उतरेल. उतरू द्या. खोट आपली आहे, ती आपणच सोसावी.