विश्लेषण : एक हंगाम, एक करंडक... शादलुई पुणेरी पलटणचा ‘लिजंड’ ठरतो का?

प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत झाला. हरयाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. हरयाणाच्या डाव्या कोपऱ्यात उभा होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. त्याच शादलुईने दहा महिन्यांपूर्वी पुणेरी पलटणच्या जर्सीत याच हरयाणाविरुद्ध करंडक उंचावला होता. कापूरहोळ किंवा नसरापूर फाट्यावरून निघालेला महामार्ग थेट बालेवाडीच्या दारात जातो, त्यामुळे भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांसाठी पलटण हा घरचाच संघ. म्हणूनच प्रश्नही घरचा : एकच हंगाम खेळून गेलेल्या परदेशी खेळाडूला पलटणचा ‘लिजंड’ म्हणायचे का?

शादलुईने पुण्यासाठी नेमके काय केले?

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पुण्याने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. तोपर्यंत कोणत्याही परदेशी कबड्डीपटूला एवढी रक्कम मिळाली नव्हती. संघाचा संपूर्ण खर्च ५ कोटींत बसवायचा होता, म्हणजे जवळपास निम्मी थैली एका माणसावर रिकामी झाली. त्याने ती वसूल करून दिली. हंगामात पकडीचे ९९ गुण आणि सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार. पलटणने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, फक्त दोन गमावले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरयाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले. चढाईपटूचा घोटा धरून त्याला जागीच बसवणे आणि गरज पडली तर स्वतः चढाईला जाणे, असा हा दुहेरी खेळाडू.

मग तो गेला कसा?

वादातला सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. ‘तो सोडून गेला’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात अकराव्या हंगामापूर्वी पलटणने त्याला कायम ठेवले नाही. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे ही घडवलेली फळी राखायची, तर थैलीत शादलुईसाठी जागा काढणे अवघड होते. तो लिलावात गेला आणि हरयाणाने २ कोटी ७ लाखांना घेतला. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले. तीन वर्षांत तीन संघ. पण लिलावात खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडू निवडतो. तेव्हा निष्ठेच्या फूटपट्टीने त्याला मोजणे अन्यायाचे आहे.

अर्थात ही फूटपट्टी आली कुठून, हे समजण्यासारखे आहे. गावोगावच्या स्पर्धांच्या पत्रकावर ‘एक गाव, एक संघ’ आणि ‘आधार कार्ड बंधनकारक’ अशा अटी छापलेल्या असतात, त्या बाहेरून आणलेल्या खेळाडूंना रोखण्यासाठीच. त्या मातीत वाढलेल्या प्रेक्षकाला दरवर्षी जर्सी बदलणारा नायक पचायला जड जातो.

फुटबॉलमध्ये काय घडले?

इंडियन सुपर लीगमध्ये हाच वाद आधी येऊन गेला आहे. स्पेनचा फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरो २०१७ ते २०२० या काळात एफसी गोवाकडून ५७ सामन्यांत ४८ गोल करून गेला. सलग दोन हंगामांत सर्वाधिक गोल त्याचेच. गोव्यात त्याच्याबद्दल फारसा वाद होऊ नये. मोरोक्कोचा अहमद जाहू आणि सेनेगलचा मुर्तदा फॉल यांचे प्रकरण मात्र अवघड. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या मागोमाग दोघे २०२० मध्ये गोव्याहून मुंबई सिटीत गेले, त्याच हंगामात उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टीवर हरवले आणि पुढे गोव्याच्या फातोर्डा मैदानावर करंडक जिंकला. पुण्याच्या चाहत्यांवर तर आणखी विचित्र वेळ आली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंदच झाला. मार्सेलिन्यो, एमिलियानो अल्फारो यांना लिजंड म्हणायचे, तर कोणत्या क्लबचे?

फझल अत्राचलीचा हिशेब वेगळा का?

इराणचाच फझल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाच्या विजेत्या संघात होता. २०१८ मध्ये एक कोटीची बोली लागलेला तो पहिला परदेशी खेळाडू ठरला आणि पुढचे तीन हंगाम मुंबाचे नेतृत्व त्याच्याकडे राहिले. कर्णधार म्हणून त्याला मुंबाला करंडक देता आला नाही, तरीही मुंबाचा विषय निघाला की अनुप कुमारनंतर त्याचेच नाव येते. कारण सरळ आहे : चाहत्यांना त्याची सवय झाली. शादलुईची सवय व्हायला पुण्याला वेळच मिळाला नाही. गंमत म्हणजे फझलही पुण्याकडून एकच हंगाम खेळला, २०२२ मध्ये, कर्णधार म्हणून. संघाला अंतिम फेरीत नेले, पण त्याला पलटणचा लिजंड म्हणावे, असा आग्रह कोणी धरत नाही.

आकडे कोणाच्या बाजूने?

पलटणचे तीन अंतिम सामने शेजारी ठेवले, की चित्र स्पष्ट होते. डिसेंबर २०२२ मध्ये जयपूरकडून २९-३३ असा पराभव. मार्च २०२४ मध्ये हरयाणावर २८-२५ असा विजय. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीकडून २८-३१ असा पराभव, आणि त्या दिल्लीच्या बचावात फझल होता. शादलुई येण्याआधी पलटण अंतिम फेरीत पोहोचली होती, तो गेल्यावरही पोहोचली. म्हणजे संघाचा पाया त्याने घातला नाही. अस्लम, पंकज, मोहित हे या तिन्ही हंगामांत संघात होते. पण तिन्ही निकाल तीन-चार गुणांनी लागले आणि शादलुई सामन्याला सरासरी चार गुण पकडीतून देत होता. करंडक आला तो नेमका तो असतानाच. याला योगायोग म्हणायला धाडस लागेल.

तरीही त्या करंडकाचे सारे श्रेय एका कोपऱ्यात ढकलणे पटत नाही. हैदराबादच्या अंतिम सामन्यात मध्यंतराच्या थोडे आधी पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले आणि सामना पुण्याकडे झुकला. शादलुई हा पलटणच्या सर्वोत्तम हंगामाचा सर्वात महागडा आणि पैसा वसूल करून देणारा शिलेदार, इथपर्यंत कोणाचीही हरकत नसावी. ‘लिजंड’ हा शब्द मात्र वर्षानुवर्षे त्याच जर्सीत दिसणाऱ्यासाठी राखून ठेवला, तर पुण्यात त्याचा पहिला दावेदार अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम आहे. तो आठव्या हंगामात नवोदित म्हणून संघात आला आणि पुढे कर्णधार झाला. शादलुई ज्या हंगामात ९९ गुणांपर्यंत पोहोचला, त्याच दहाव्या हंगामात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार अस्लमला मिळाला होता.