संसदेपुढे आलेले जनतेपासून का लपवावे?

संरक्षण खात्याच्या खर्चाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि घटनेच्या १५१व्या कलमान्वये त्यांचा अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. तेथे ठेवलेला कागद गुप्त राहत नाही. तरीही संरक्षणविषयक अहवाल आपल्या संकेतस्थळावर न ठेवण्याचे या कार्यालयाने ठरविले, आणि २०२० साली तत्कालीन महालेखापरीक्षक राजीव महर्षी यांनी त्याचे जाहीर समर्थन केले. परदेशात बसलेल्या कोणालाही ते सहज वाचता येऊ नयेत, असा त्यांचा युक्तिवाद.

तो झटकून टाकण्यासारखा नाही. जुलै २०१७ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार, लष्कराच्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा युद्धात दहा दिवसही पुरला नसता. असली उणीव शत्रूला कळावी, असे कोणाला वाटेल?

परंतु अहवाल सभागृहात आला की खासदारांच्या हाती प्रती जातात, वृत्तपत्रे मथळे देतात. परकी वकिलातीतील साधा कारकूनही तो संध्याकाळपर्यंत पैदा करील. मग अडतो कोण? अडतो तो सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या, घरटी सैनिक देणाऱ्या गावातला शिक्षक किंवा कार्यकर्ता. आपल्या मुलांच्या बंदुकीत गोळी आहे की नाही, हे विचारण्याचा पहिला हक्क ज्यांचा, त्यांना मथळा मिळतो, पुरावा मिळत नाही. आणि पुराव्यावाचून प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरविणे राज्यकर्त्यांना फार सोपे जाते.

फेब्रुवारी २०१९ च्या राफेलविषयक अहवालात तर नवा करार २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडल्याचे सांगून मूळ किमती झाकण्यात आल्या. पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याने असे गणित मांडले असते, तर मी त्याला शून्य गुण दिले असते!

१९८९ साली बोफोर्सवरील महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतर विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामुदायिक राजीनामे दिले. तोफेची निवड कशी झाली, याची चर्चा जाहीर सभांतून झाली. त्या चर्चेने सैन्याचे काही बिघडले नाही. त्याच तोफा १९९९ साली कारगिलमध्ये कामी आल्या.

एखादा परिच्छेद खरोखरच युद्धयोजनेशी निगडित असेल, तर तो लोकलेखा समितीकडे स्वतंत्रपणे द्यावा आणि वगळल्याची नोंद कारणासह छापावी. बाकीचे सर्व, मागील वर्षांच्या अहवालांसह, संकेतस्थळावर ठेवावे. ही मागणी आपल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात लेखी मांडली पाहिजे.