रक्तदाब लिहिला, नैराश्य का वगळले?

रत्नागिरीच्या बाजारपेठेत रक्तदाबाची गोळी गल्ल्यावर बसून घेतली जाते. नैराश्याची मात्र घरातही लपविली जाते. प्रादेशिक मनोरुग्णालय याच शहरात असूनही हा संकोच ओसरलेला नाही. आरोग्यविम्याचा अर्ज भरतानाही तोच आड येतो.

कायद्याने हा भेद ठेवलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ (४) नुसार मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद करणे कंपन्यांना बंधनकारक आहे. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ १ एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात. नैराश्याचा उपचार बहुधा दाखल न होताच चालतो. म्हणून बाह्यरुग्ण खर्चाची सोय आहे का, हे आधी पाहावे.

अर्जात दोन्ही आजार स्पष्ट लिहावेत. हप्ता वाढेल, क्वचित नकारही येईल. परंतु लपविलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी उघडा पडतो. वहीत न लिहिल्याने देणे फिटत नाही, हे व्यापारी घरांना सांगावे लागत नाही. दावा अन्यायाने नाकारल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करावी; ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.