भांडण मराठीत, थेरपी कुठल्या भाषेत?

तुमचं आणि तुमच्या जोडीदाराचं शेवटचं मोठं भांडण कुठल्या भाषेत झालं, आठवून पाहा. घराचं भाडं, मुलांची शाळा, डिसेंबरची तिकिटं यांवरचं बोलणं अर्धंअधिक इंग्रजीत होत असेल. पण ‘त्या दिवशी तुझी आई सगळ्यांसमोर काय बोलली’ हे वाक्य मराठीतच येतं. आणि त्यावरचं ‘पुरे आता’ही.

मी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कात संशोधनाचं काम करते. इथे दुपारी जेवणाच्या रांगेत मराठी कानावर पडणं नवलाचं नाही, आणि ऑनलाइन मॅरेज थेरपिस्टचा विषय आता त्या रांगेतही निघतो. प्रश्न बहुधा एकच असतो: स्क्रीनवरून असलं काही खरंच होतं का? माझं क्षेत्र मानसशास्त्र नाही, पण प्रयोगाची मांडणी वाचता येते, म्हणून थोडं वाचलं. माझं मत असं झालं की परदेशातल्या मराठी जोडप्यासाठी ‘ऑनलाइन की समोरासमोर’ हा दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न भाषेचा.

आधी तो दुय्यम प्रश्न संपवू. मायामी विद्यापीठातल्या ब्रायन डॉस यांच्या गटाने २०१६ साली ३०० अमेरिकन जोडप्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला आठ तासांच्या आसपासचा ऑनलाइन कार्यक्रम आणि प्रशिक्षित माणसाचे मोजके छोटे फोन मिळाले, दुसऱ्याला दोन महिने थांबायला सांगितलं. नात्यातल्या समाधानात फरक पडला तो ०.६९ प्रमाण विचलनांचा. सोप्या भाषेत, कार्यक्रम केलेलं सरासरी जोडपं थांबलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश जोडप्यांच्या पुढे गेलं. आकडा चांगला आहे. मात्र तुलना ‘काहीच न मिळालेल्यां’शी आहे, हे विसरू नका. व्हिडिओवरून आणि समोरासमोर अशी थेट तुलना ऑस्ट्रेलियात झाली, तिच्यात फरक दिसला नाही. पण जोडपी होती फक्त ३०. एवढ्या छोट्या नमुन्यात फरक न दिसणं म्हणजे फरक नसणं नव्हे. आणि समोरासमोरची थेरपी तरी रामबाण कुठे आहे? अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि नील जेकबसन यांच्या १३४ त्रस्त जोडप्यांच्या प्रयोगात पाच वर्षांनी साधारण निम्म्यांचं नातं लक्षणीय सुधारलेलं होतं, आणि सुमारे पाव जोडपी विभक्त झाली होती. तेव्हा स्क्रीन आहे म्हणून नाक मुरडायला फारसा आधार नाही.

आता भाषा. बॉस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी मोठेपणी शिकलेली अशी माणसं घेतली, त्यांच्या बोटांना संवेदक लावले आणि दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले-दाखवले. भावना चाळवली की तळहाताला किंचित घाम येतो आणि त्वचेची विद्युतवाहकता वाढते, ती मोजली. लहानपणी आईवडील रागावताना वापरतात तसल्या ‘लाज नाही वाटत?’ छापाच्या वाक्यांना तुर्कीत ठळक प्रतिसाद आला, इंग्रजीत बराच फिका. अर्थ दोन्ही भाषांत कळत होता, पण अंगाला फक्त एकीत लागत होता. (पुढच्या अभ्यासात, दोन्ही भाषा लहानपणीच शिकलेल्यांमध्ये हा फरक दिसला नाही. तुमचा जोडीदार परदेशात वाढला असेल तर हे ध्यानात ठेवा.)

म्हणजे पुण्या-नाशकात वाढलेलं जोडपं इंग्रजीतून थेरपी घेतं, तेव्हा ते भांडण सौम्य करून सादर करतं. काही वेळा हे उपयोगीही पडतं, आवाज चढत नाही. पण ‘टोमणा’ म्हणजे काय हे थेरपिस्टला आधी समजावून सांगावं लागलं की टोमण्यातलं विष उडून जातं. ‘अबोला’ म्हटल्यावर मराठी थेरपिस्ट लगेच विचारेल, किती दिवसांचा? आणि तुमच्या घरी आधी कोण धरायचं? इंग्रजीत पहिली वीस मिनिटं व्याख्येत जातील. सिंगापुरात मराठी बोलणारा आणि जोडप्यांबरोबर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस शोधून पाहा, मग ऑनलाइनचं मोल कळेल. माझ्या मते त्याचा खरा फायदा प्रवास वाचण्यात नाही, तो इथे आहे.

पण याची किंमत असते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. १ मे २०२१ पासून सिंगापुरात डिपेन्डन्ट पासवर आलेल्या बायकोला (किंवा नवऱ्याला) नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो. पूर्वी मिळायचं ते संमतीपत्र आता नोकरीसाठी पुरत नाही. शिवाय तिचं इथलं राहणंही नवऱ्याच्या पासवर अवलंबून. पुण्यातल्या थेरपिस्टला हे ठाऊक असेलच असं नाही. ‘ती सतत चिडलेली असते’ हे ऐकून ते संवादकौशल्याचे धडे देतील. प्रत्यक्षात समोर दहा वर्षांची नोकरी सोडून आलेली इंजिनियर बसलेली असते आणि तिला भांडण टोकाला न्यायचीही मुभा नसते, कारण टोकाला परतीचं तिकीट आहे. हा संवादाचा दोष नव्हे, सत्तेचा असमतोल आहे. पहिल्याच सेशनला कुणाचा पास कुणावर अवलंबून आहे, हे स्पष्ट सांगा. तुमच्या देशात व्हिसाचं नाव वेगळं असेल, गोष्ट बहुधा हीच असेल.

नावापुढच्या बिरुदांवर फार विसंबू नका. अमेरिकेत ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट’ला राज्याचा परवाना लागतो आणि तो त्या राज्यापुरताच चालतो. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे होते, पण विवाह-थेरपिस्ट असा वेगळा परवाना नाही. त्यामुळे थेट विचारा: जोडप्यांबरोबर काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? पद्धत कोणती? सुधारणा होतेय की नाही हे कशावर मोजता? आमच्यापैकी एकाने तुम्हाला स्वतंत्रपणे काही सांगितलं तर ते दुसऱ्यापासून लपवाल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कोणीतरी शोधा.

शक्य असेल तर दोघं एकाच स्क्रीनसमोर बसा. एक ऑफिसातल्या मीटिंग रूममधून, दुसरा घरातून, हे इथे सर्रास चालतं, मला ते पटत नाही. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी १३५ मिलिसेकंद जातात, झूमवर ४८७, असं २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं. ‘माझं चुकलं का?’ या प्रश्नानंतरच्या त्या जादा थांब्याचा अर्थ रागावलेला माणूस काय लावेल? शेजारी बसलात तर हा उशीर थेरपिस्टच्या वाट्याला येईल, तुमच्या दोघांमध्ये येणार नाही.

हे सगळं घरात भीती नसेल तरच. एकाला दुसऱ्याची धास्ती वाटत असेल, तर जोडप्याने एकत्र घ्यायची थेरपी ही योग्य जागा नाही, ऑनलाइन तर नाहीच. कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे ते थेरपिस्टला दिसत नाही आणि लॅपटॉप मिटल्यावर काय होतं तेही नाही. सिंगापुरात अशा वेळी १८००-७७७-०००० ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

वेळेचं म्हणाल तर इथले रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात साडेपाच, दोन्हीकडे जमण्यासारखी वेळ. अडचण येते आईवडील तीन महिन्यांसाठी राहायला आले की. इंग्रजी थेरपीतलं अर्धं कदाचित भिंतीपलीकडे निसटून गेलं असतं, मराठीतला मात्र प्रत्येक शब्द पोचतो. त्यांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याची वेळ आधी विचारून घ्या आणि मगच सेशन बुक करा.